कोबीला जाऊन येतो

कोबेला निघायच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी, कपाळावर मे महिन्याचा घाम.

"काय, कुठे दौरा?"

"उद्या कोबेला."

"आणाच एक माझ्यासाठी. लहान बघून घ्या हो, मोठे गड्डे हल्ली पोकळ निघतात."

मी 'जपान' म्हणेपर्यंत तळमजला आला आणि काकू दाराबाहेर पडल्यासुद्धा. पंधरा लाख वस्तीचं, १८६८ सालापासून जगाच्या जहाजांना धक्का देणारं एक अख्खं बंदर आमच्या इमारतीत एका गड्ड्यापुरतं उरलं.

काकूंना तरी काय बोलणार? भाचा तिकडे गेल्यापासून आमच्या घरातही त्या शहराचं नाव कोबीच आहे. तो तिथल्या एका प्रयोगशाळेत पेशींवर कसलंसं संशोधन करतो. कसलं, ते त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, सांगता येत नाही. ती एवढंच सांगते, की त्याच्या कामाच्या जागेजवळ 'फुगाकु' नावाचा मोठा महासंगणक आहे. फुगाकु हे फुजी पर्वताचंच दुसरं नाव. पण ताईच्या तोंडी त्याचा फुगा होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा जत्रेत बसतो.

आता, बंदराच्या गावी जायचं तर बोटीनं जावं, हा सरळ हिशेब. १८९३ साली निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं मुंबईशी नियमित आगबोट सुरू केली होती, ती आपल्याकडच्या कापसाच्या गाठी न्यायला. गाठ एकदा मुंबईच्या धक्क्यावर बोटीत चढली की पुढची काळजी बोटीची. मला मात्र आधी बँकॉकला उतरवलं, साडेपाच तास एका बाकावर ठेवलं, दोनदा पट्टा काढायला लावला आणि मग पुढे रवाना केलं. कापसाच्या गाठीचे एवढे हाल कुणी केले नसते.

तिकीट काढतानाच पहिली अडचण आली. त्या एका आखाताच्या काठी विमानतळ तीन: इतामी, कान्साई आणि कोबे. तीन का, याची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही लग्न जमवणाऱ्या मावशींना पटकन कळेल. इतामी हा जुना विमानतळ भर वस्तीत. आवाजानं लोक हैराण. तेव्हा नवा विमानतळ समुद्रात भर घालून बांधावा असं ठरत होतं, आणि कोबेसमोरची जागा चांगली दिसत होती. कोबेकर म्हणाले, नको बाई, आवाज होतो. १९७३ च्या महापौरपदाच्या निवडणुकीतही 'नको'वालाच निवडून आला. मग ते स्थळ आखाताच्या पलीकडच्या काठाला, ओसाकाच्या दक्षिणेला गेलं. पुढे आपण नाकारलेल्या मुलाला अमेरिकेत नोकरी लागल्याचं कळावं आणि घरात कुजबुज सुरू व्हावी, तसं कोबेचं झालं. 'आम्ही तेव्हा तसं म्हणालो नव्हतो' वगैरे बोलून पाहिलं, पण तोवर साखरपुडा झालेला. शेवटी कोबेनं स्वतःचं बेट घातलं आणि त्यावर स्वतःचा विमानतळ बांधला. त्यावर मतदान घ्या, असं म्हणत तीन लाखांवर लोकांनी सह्या दिल्या. नगरसभेनं तो अर्ज फेटाळला आणि १६ फेब्रुवारी २००६ ला विमान उतरवलंच. तिथे परदेशाहून विमानं यायला लागली ती मात्र आत्ता कुठे, एप्रिल २०२५ पासून, आणि तीही चार्टर. आमच्यासारख्यांनी कान्साईलाच उतरायचं.

कान्साईचं बेट खचतंय, हे भाच्यानं फोनवर अगदी सहज सांगितलं.

"खचतंय म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"बसतंय, मामी. बांधल्यापासून तेरा मीटरांहून जास्त बसलंय."

"मग आपण जायचं कशाला?"

"अगं, आपण दहाच दिवस राहणार आहोत," मी म्हटलं. माझ्या बुद्धीचा हा पुरावा बायकोनं पुढे सगळ्या नातेवाइकांना दाखवला.

समुद्राचा तळ तिथे मऊ मातीचा. त्यावर डोंगराएवढी भर टाकली की ती बसणार, हे इंजिनियरांना ठाऊक होतं. किती बसेल, याचा अंदाज जरा हुकला. ४ सप्टेंबर १९९४ ला विमानतळ सुरू झाला तरी बेट आपलं बसतंच आहे. यावर त्यांनी केलेली तोड मला फार आवडली. टर्मिनल १.७ किलोमीटर लांबीचं, रेन्झो पियानो या इटालियन वास्तुकारानं आखलेलं, वरून पंख पसरल्यासारखं. त्याच्या सुमारे ९०० खांबांखाली जॅकची सोय आहे. एखादी बाजू जास्त खचली की तिथला खांब उचलतात आणि खाली पोलादी पट्ट्या सरकवतात. आमचं जेवणाचं टेबल डुगडुगतं तेव्हा आम्ही पायाखाली रविवारची पुरवणी घडी करून घालतो. तत्त्व तेच, कागदाचा दर्जा वेगळा.

विमान खाली यायला लागलं. खिडकीतून बघतो तर पाणी. आणखी खाली आलं, तरी पाणी. चाकं बाहेर पडल्याचा आवाज आला, तरी पाणीच. बायकोनं माझा हात धरला, लग्नात धरला होता त्याहून बराच घट्ट. तोंडात रामनाम यायच्या बेतात असताना पाण्यातून एक काळी पट्टी वर आली आणि चाकं टेकली. मागच्या रांगेतल्या गुजराती आजोबांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

सामानाच्या पट्ट्याशी गेलो आणि बायको जागच्या जागी थबकली. सगळ्या बॅगा एका रांगेत, एकाच कुशीवर, आणि झाडून सगळ्यांच्या मुठी आपल्याकडे. पाटावर बसलेल्या पंगतीसारख्या. पट्ट्यामागे एक माणूस उभा राहून येणारी प्रत्येक बॅग हातानं नीट वळवत होता. पाऊस पडत होता, म्हणून ओली बॅग पुसतही होता. सुरू झाल्यापासून या विमानतळानं कुणाची बॅग हरवली नाही, अशी त्याची ख्याती आहे. २०२४ साली तिशी भरली तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापलं होतं. तिथल्या लोकांना त्यात छापण्यासारखं काय आहे तेच म्हणे कळेना. आमची बॅग आली. तिला दादरला घेतल्यापासून बहुधा पहिल्यांदाच कुणी माणसासारखं वागवत होतं. मूठ माझ्याच दिशेला होती. ती पकडताना मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

मग कुत्रं आलं. बीगल जातीचं, अंगात छोटंसं जाकीट, डोळ्यांत जगाबद्दल माया. ते बायकोच्या हातातल्या पिशवीपाशी आलं, एकदा हुंगलं आणि शहाण्यासारखं खाली बसलं.

"किती गुणी आहे बघा," बायको म्हणाली. "न सांगता बसलं."

ते बसणं म्हणजेच पंचनामा होता. पिशवीत मेतकूट होतं, थालीपिठाची भाजणी होती, पुरणपोळ्या होत्या आणि या सगळ्याच्या तळाशी, माझ्याही नकळत, पंचात गुंडाळलेले देवगडचे दोन हापूस होते. "दोनच तर आहेत. पोराला घरची आठवण म्हणून." हे वाक्य बायकोनं शुद्ध मराठीत त्या अधिकारी मुलीला समजावून सांगितलं. मुलगी पंचविशीची असेल. तिनं आंबे दोन्ही हातांत तान्हं बाळ घ्यावं तसे घेतले, आणि माफी मागितली. गुन्हा आमचा, माफी तिची. हापूसला जपानात बंदी नाही. २००६ पासून तो तिथे जातो, पण कोठारात वाफ घेऊन, सरकारी दाखला गळ्यात घालून. पंचातून नाही. एक कागद भरून दिला आणि सुटलो. आंबे गेल्याचं दुःख बायकोनं गिळलं, पण दारातून बाहेर पडताना मागे वळून म्हणाली, "त्या कुत्र्याला एक फोडसुद्धा देणार नाहीत ना हो हे लोक?"

बाहेर भाचा उभा होता. वाकला. नमस्काराला वाकला की जपानी पद्धतीनं वाकला, ते कळायच्या आत बायकोनं आशीर्वाद देऊन टाकला.

"मामा, आता इथून बस. मग बोट. मग परत बस, आणि मग ट्रेन."

"अरे, पण आम्ही विमानानं आलोय ना?"

"हो, पण विमानतळ इथे आहे. कोबे तिथे आहे." त्यानं आखातापलीकडे बोट दाखवलं. पाऊस होता. पलीकडे 'तिथे' असं काहीही दिसत नव्हतं.

पुलावरून गाडीनं जायचीही सोय आहे. पण भाचा म्हणाला, बंदराच्या गावात बंदरातूनच शिरावं. बोट अर्ध्या तासाची. मांडव्याच्या बोटीत बसल्यासारखं वाटलं. फक्त पक्ष्यांना कुरकुरे घालणारी माणसं नव्हती, आणि पक्षीही त्या अपेक्षेनं आलेले दिसले नाहीत. हळूहळू धुक्यातून क्रेनच्या माना दिसायला लागल्या, मग मागे हिरवा-काळा डोंगर. आणि ही बोट लागली कुठे, तर कोबेच्या विमानतळावर! म्हणजे एका विमानतळावर विमानातून उतरलो आणि दुसऱ्यावर बोटीतून. बंदर म्हणून ज्याची ख्याती, त्या गावात शिरेपर्यंत मी दोन विमानतळ ओलांडले आणि दगड-मातीच्या अस्सल जमिनीला माझा पाय अजून लागायचाच होता.

पुढची ट्रेन पोर्टलायनर. १९८१ पासून ही गाडी ड्रायव्हरशिवाय धावते आहे. उंच खांबांवरून, रबरी चाकांवर, अगदी वेळेवर. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर पुढची काच रिकामी, आणि काचेशी बसायला जागा. तिथे बसायला एक पाचेक वर्षांचा मुलगा टोपी सावरत निघाला होता. मी मुंबईत तीस वर्षं लोकलनं प्रवास केलेला माणूस. मी आधी बसलो. त्या मुलाच्या आजीनं माझ्याकडे बघून छान हसून मान लववली, आणि उतरेपर्यंत ती तशीच हसत होती. माझ्यावर आजवर पुष्कळ लोक ओरडले आहेत, त्यातलं फारसं आठवत नाही. ते हसू आठवतं.

"मामा," भाचा मागून म्हणाला, "आपण आत्ता ज्यावरून चाललोय ना, तो डोंगर आहे."

मी खाली पाहिलं. गोदामं, हॉटेलं, इस्पितळ, बाग.

"होता," तो म्हणाला. "आता बेट आहे."

कोबे म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेली चिंचोळी पट्टी. गाव वाढायचं तर जागा नाही. तेव्हा तिथल्या महापालिकेनं पश्चिमेकडचे सुमा भागातले डोंगर कापायला घेतले. ट्रकनं माती नेली तर रस्ते तुंबतील, म्हणून जमिनीखालून बोगदे काढले, त्यांतून सरकते पट्टे बसवले आणि डोंगर त्या पट्ट्यांवरून गावाच्या झोपेखालून किनाऱ्याला आणला. तिथून बार्जमध्ये भरून समुद्रात ओतला. १९६६ ला सुरुवात झाली, १९८१ ला पोर्ट आयलंड तयार, आणि त्याच वर्षी त्यावर एवढं मोठं प्रदर्शन भरवलं की दीड कोटीवर माणसं बघून गेली. पुढे रोक्को नावाचं आणखी एक बेट घातलं, मग विमानतळाचं. डोंगर जिथून गेला तिथे सपाट जागा झाली, तिच्यावर वसाहती उठल्या. माती जिथे पडली तिथे बंदर झालं. दोन्हीकडून पैसा. 'डोंगर समुद्राकडे गेला' हा त्या गावातला वाक्प्रचारच आहे, आणि लोक महापालिकेला थट्टेनं आणि थोड्या कौतुकानं 'कोबे नगर, जॉइंट स्टॉक कंपनी' म्हणत.

आमच्या गल्लीत पाइप टाकायला दोन वर्षांपूर्वी खणलं होतं. ती माती अजून गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला गेलेली नाही. श्रावणात तिच्यावर तेरडा येतो, बायका पत्रीला तिथूनच नेतात. पण उणंदुणं नको. सात बेटांच्या मधल्या खाड्या भरूनच आपली मुंबई झाली, आणि नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली ती काही जपान्यांनी नव्हे. फक्त आपल्याकडे डोंगर जातो तेव्हा तो कुठे गेला, हे विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी भाचा कामावर निघाला. जाताना म्हणाला, "मामा, इथे हरवायची सोय नाही. यामागावा आणि उमिगावा, एवढं लक्षात ठेवा."

मला वाटलं, जवळपासची दोन गावं. यामागावा म्हणजे डोंगराकडची बाजू आणि उमिगावा म्हणजे समुद्राकडची. डोंगर नेहमी उत्तरेला, समुद्र दक्षिणेला. कोबेकर पत्ता असाच सांगतात. स्टेशनाबाहेर पडून डोंगराकडे चाला, मग दुसऱ्या गल्लीत समुद्राकडच्या बाजूला. मोठ्या दुकानांत आत शिरल्यावरसुद्धा पाट्या तशाच: डोंगराकडचा जिना, समुद्राकडचं दार. चार मजले वर, मोज्यांच्या विभागात उभं राहून आपल्याला डोंगर कुठे हे माहीत असावं, अशी अपेक्षा असते. मुंबईकर जसं आधी 'ईस्ट का वेस्ट?' विचारतो आणि मगच माणसाची योग्यता ठरवतो, तसंच हे. माझं आजोळ चिपळूणकडचं. आमच्याकडे खाडीकाठची ती खलाटी आणि सह्याद्रीच्या अंगची ती वलाटी. मला हे शिकवायची गरज नाही, असं मी भाच्याला जरा ताठ्यात सांगितलं.

आणि पोर्ट आयलंडवरच हरवलो. सकाळपासून ढग उतरले होते, डोंगर पुसून गेला होता, आणि बेट असल्यामुळे चारही बाजूंना उमिगावा. तासाभरात मी चार वेगवेगळ्या ठिकाणी समुद्राला जाऊन भिडलो. शेवटी एका वयस्क गृहस्थांना अडवलं आणि जमेल तेवढ्या आर्जवानं विचारलं, "यामागावा?" त्यांनी ढगांकडे पाहिलं. मान तिरकी केली. तोंडानं हवा आत ओढत 'स्स्स' केलं, आणि स्वतःच विचारात पडले. मग काही न बोलता छत्री माझ्या डोक्यावर धरून मला स्टेशनाच्या जिन्यापर्यंत आणून सोडलं, वाकले, आणि जिकडून आले होते तिकडे, विरुद्ध दिशेला, चालू लागले. त्यांना कुठे जायचं होतं आणि ते वेळेवर पोचले का, ही रुखरुख मला मुंबईपर्यंत पुरली.

डोंगराकडचं कोबे वेगळंच. शिन-कोबे स्टेशन दोन बोगद्यांच्या मध्ये जेमतेम टेकलेलं. बुलेट ट्रेन एका बिळातून निघते, श्वास घेते, दुसऱ्यात शिरते. स्टेशनाच्या पाठीमागून पंधरा-वीस मिनिटं चढलं की चक्क नुनोबिकीचा धबधबा. वाटेत रानडुकराचं चित्र असलेली पाटी: खायला घालू नका. ही विनंती नाही, २००२ पासून नियम आहे. डुकरं डोंगरातून खाली वस्तीत येतात आणि बाजारातून येणाऱ्यांच्या पिशव्यांवर डोळा ठेवतात. बोरिवलीला बिबट्या इमारतीच्या आवारात फिरून जातो त्यामानानं हे घरगुतीच. बायकोनं तरी पिशवी छातीशी धरली. कुत्र्याच्या प्रकरणानंतर तिचा प्राण्यांवरचा भरवसा उडाला होता.

त्याच अंगाला कितानो नावाचा उताराचा भाग. बंदर उघडल्यावर परदेशी व्यापाऱ्यांनी इथे घरं बांधली. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले पुष्कळ हिंदी व्यापारीही कोबेत आले आणि इथलेच झाले. आज एका छोट्या फेरफटक्यात १९३५ ची मशीद लागते, जपानमधली पहिली, आणि तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर १९८५ चं संगमरवरी जैन देरासर. जपानी गल्लीच्या वळणावर अचानक पांढरं शिखर, तोरण, नक्षीचे खांब. पालिताण्याचा एक तुकडा कुणी बॅगेत घालून आणला असावा आणि कुत्र्याला वास लागला नसावा. देरासराबाहेर दोन बायका गुजरातीत कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. बायको चार दिवसांत पहिल्यांदा मोकळी झाली. तिला गुजराती येत नाही, पण सुनेचा विषय होता.

इथल्या जैन मंडळींचा पिढीजात धंदा मोत्यांचा. जपानी मोती गोळा होऊन, निवडून, ओवून जगभर जातो तो मुख्यतः कोबेतून. बायकोनं माझ्या आजीचा तन्मणी मुद्दाम बरोबर आणला होता. "बसऱ्याचे आहेत," असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगितलं जातं. देरासरात ओळख झालेल्या एका व्यापारी गृहस्थांनी आम्हाला आग्रहानं कचेरीत नेलं. त्यांनी तन्मणी पांढऱ्या कापडावर ठेवला. खिडकीशी नेला. डोळ्याला भिंग लावलं. एक मोती फिरवून पाहिला, मग दुसरा. एक मोती हळूच दाताशीही नेला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भिंग खाली ठेवून ते अतिशय प्रेमळपणे म्हणाले, "चाय पियेंगे ना?"

चहा उत्तम होता. आलं-वेलची घालून. तन्मण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही, त्या कचेरीतही नाही आणि आमच्या घरातही.

कोबे म्हटलं की लोक बीफबद्दल विचारतात. तो विषय बायकोनं विमानातच बंद केला होता. मला खरी ओढ नागाता या भागाची. रबर आणि बुटांच्या कारखान्यांची कामगार वस्ती. इथला पदार्थ म्हणजे सोबामेशी. लोखंडी तव्यावर शेवया आणि भात एकत्र टाकतात, बचकभर कोबी घालतात आणि दोन उलथन्यांनी खटखटखट तोडत जातात. डोळे मिटले तर थेट आपली भुर्जीची गाडी. एखाद्या कामगारानं डब्यातला थंड भात आणून 'हाही परता' म्हटलं आणि पदार्थ जन्माला आला, असं सांगतात. हे मला पटतं. उरलेल्या भाताला फोडणी देण्याची बुद्धी जगात सगळीकडे एकाच वेळी होत असणार. आम्ही बसलो ते दुकान सहा खुर्च्यांचं. तव्यापलीकडे सत्तरीच्या आजी, आणि त्यांच्या डाव्या हाताला बारीक चिरलेल्या कोबीचा डोंगर. मी काकूंसाठी त्याचा फोटो काढला.

भाचा दुभाष्या झाला होता. दुकान किती जुनं, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, "हे शिन्साइनंतरचं. आधीचं पलीकडच्या गल्लीत होतं." शिन्साइ म्हणजे १७ जानेवारी १९९५ चा भूकंप, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांचा. सहा हजार चारशेंवर माणसं गेली. नागाताच्या लाकडी घरांना आग लागली आणि गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. आजींनी उलथनं थांबवलं नाही. आमच्या चिपळूणचे लोक २०२१ नंतर सगळं असंच मोजतात: हा फ्रिज पुराआधीचा, ही मोटरसायकल पुरानंतरची. भात तयार झाला तेव्हा आजींनी बायकोच्या बाजूला जरा जास्त ढकलला.

बंदरावर, मेरिकन पार्कात, त्या पहाटे मोडलेल्या धक्क्याचा साठेक मीटरचा तुकडा तसाच ठेवलाय. खचलेला काठ, फुटलेली फरसबंदी, कलंडलेले दिव्याचे खांब. बाकी सगळं दोन वर्षांत उभं केलं आणि हे मात्र मुद्दाम तसंच राखलं. (मेरिकन म्हणजे अमेरिकन. जपान्यांच्या कानांनी पहिला 'अ' गिळला. आपण लॉर्डाचा लाट केला, त्याच जातीचं काम. तिकडे मैद्यालाही 'मेरिकन पीठ' म्हणत असत.) बायको त्या कलत्या खांबांकडे बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, "ते बेट? तेव्हा होतं ना?" होतं. पोर्ट आयलंडची जमीन हादऱ्यानं पातळ होऊन खालची वाळू-चिखल वर आला होता. बेट मात्र जागेवर राहिलं.

जवळच १९६३ चा पोर्ट टॉवर, १०८ मीटर उंच, लाल नळ्यांनी विणलेला, कमरेत बारीक. जपानी लोक तो त्यांच्या त्सुझुमी नावाच्या वाद्यासारखा आहे म्हणतात. आम्हाला तो उभा ठेवलेला डमरू दिसला, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. शेवटच्या संध्याकाळी आम्ही त्यावर चढलो. समुद्राच्या बाजूला क्रेन, बेटं, बेटामागे बेट, आणि सगळ्यात पलीकडे विमानतळाचे दिवे. अंधार पडला तशी मागच्या डोंगरावर, झाडीत, एक मोठी आकृती उजळली.

"ते काय रे?"

"नांगर, मामी."

"डोंगरावर नांगर? एवढ्या उतारावर कोण नांगरतं?"

"शेताचा नाही. जहाजाचा."

१९०३ साली सम्राट इथे आरमाराची पाहणी करायला आले, त्या निमित्तानं डोंगरावर झाडं लावून नांगराचा आकार केला होता. आता तो रात्री दिव्यांनी पेटतो. मी हे बायकोला समजावून सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती एकदा समुद्राकडच्या बेटांकडे बघत होती, एकदा डोंगराकडे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एक डोंगर आधीच समुद्रात गेलाय. हा तरी राहावा म्हणून टाकून ठेवला असेल."

भाच्यानं ते दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सांगितलं. कुणी हसलं नाही म्हणे. सगळे एकमेकांकडे बघून गंभीर झाले, आणि एकानं वहीत लिहून घेतलं.